जुन्या ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगची गळती काढताना

ट्रॅक्टर रात्रभर जिथे उभा होता तिथे सकाळी पुढच्या आसाखाली तळहाताएवढा ओला डाग दिसला, की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. टाकीत तेल भरून कामाला निघतात, नाहीतर जिथे ओलं दिसतं तिथला नट आवळतात. मीही सुरुवातीची काही वर्षं हेच करत होतो.

माझा ट्रॅक्टर तीन सिलिंडरच्या इंजिनचा, वडिलांच्या हातचा. एका हंगामात त्याचा स्टिअरिंगचा सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने रॉड आत-बाहेर करून पुढची चाकं वळवणारी नळी, मला तीनदा उघडावा लागला. दोनदा नवं सील, म्हणजे रॉडभोवती तेल अडवणारं कडं, टाकलं आणि दोन्ही वेळा पंधरा-वीस दिवसांत पुन्हा ओल आली. तिसऱ्यांदा रॉड पूर्ण बाहेर काढला, पुसला, उन्हात धरला आणि अंगठ्याचं नख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेलं. साधारण मध्यावर नख अडकलं. टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा होता. तिथलं क्रोम उडालेलं आणि कड पातळ पत्र्यासारखी उभी. ट्रॅक्टर सरळ चालताना रॉडचा नेमका तोच भाग सीलमध्ये असतो. थोडं इकडे, थोडं तिकडे, दिवसभर ती कड सीलचा ओठ कापत होती. सीलमध्ये काहीच खोट नव्हती. तेव्हापासून गळणारी वस्तू बदलण्याआधी ती का गळायला लागली हे मी शोधतो. या कामात अर्ध्याहून जास्त वेळ शोधण्यात जातो, आणि तो जाऊ द्यावा.

गळती थोडी असली तरी ती टाळू नका, याला कारण आहे. जुन्या ट्रॅक्टरवर दोन तऱ्हा असतात. एकीत स्टिअरिंगचा गिअरबॉक्स आणि लोखंडी दांडे असतात, तेलाचा सिलिंडर फक्त मदतीला. तेल गेलं तर स्टिअरिंग जड होतं, पण चाकं वळतात. दुसरीत स्टिअरिंगचं चाक आणि पुढची चाकं यांच्यात लोखंडाचा दुवाच नसतो. स्टिअरिंगखाली एक युनिट असतं, मेकॅनिक मंडळी त्याला ऑर्बिट म्हणतात. तुम्ही जेवढं फिरवाल तेवढं तेल मोजून ते सिलिंडरला पाठवतं. इथे चालत्या ट्रॅक्टरचा पाईप फुटला तर स्टिअरिंग हातात मोकळं फिरत राहतं आणि पुढची चाकं मनाला येईल तिकडे जातात. मागे भरलेली ट्रॉली आणि समोर उतार असेल तर काय होईल ते सांगायला नको. आपला ट्रॅक्टर कोणत्या तऱ्हेचा आहे ते आधी खाली वाकून बघून घ्या.

तेलाची वाट अशी. टाकीतून तेल पंपाकडे ओढलं जातं. पंप बहुतेक वेळा इंजिनच्या टायमिंग गिअरवर चालतो, काही ट्रॅक्टरना पट्ट्यावर. पंपातून जाड रबरी होजने युनिटकडे, युनिटमधून दोन पाईप सिलिंडरच्या दोन बाजूंना आणि एक पाईप परत टाकीकडे. युनिटच्या चार तोंडांजवळ बहुधा अक्षरं कोरलेली असतात: पंपाकडून येणाऱ्या तोंडावर पी, टाकीकडे जाणाऱ्यावर टी, डाव्या-उजव्यासाठी एल आणि आर. ती घासून पुसून एकदा वाचून ठेवा.

सरळ चालताना या पाईपांमध्ये दाब फार नसतो. स्टिअरिंगचं चाक एका बाजूला शेवटपर्यंत वळवून तसंच धरलं की दाब वर चढतो, आणि जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडेपर्यंत चढतच राहतो. मध्यम ट्रॅक्टरवर हा आकडा साधारण 100 ते 150 बारच्या आसपास असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर 100 ते 150 किलोचा रेटा. त्याच ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरमध्ये हवा असते दोन-अडीच बार. उभ्या ट्रॅक्टरला कोरडा दिसणारा सांधा शेवटच्या वळणावर का पाझरतो, ते यावरून कळेल.

या दाबाबद्दल एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढची कामं कोणीही अनुभवाने शिकेल, पण ही शिकेपर्यंत हात गेलेला असतो. इंजिन चालू असताना गळणाऱ्या होजवरून बोट फिरवू नका. केसाएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार डोळ्याला दिसत नाही आणि ती कातडीतून सरळ आत शिरते. वरून फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र तेल स्नायूंमधून पसरतं आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हात काढावा लागतो. असं झालं तर थांबून बघत बसू नका. लगेच दवाखान्यात जा आणि दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय हे स्पष्ट शब्दांत सांगा. शोधायचं असेल तर हातभर लांबीचा पुठ्ठा होजच्या बाजूने फिरवा. धार असेल तिथे पुठ्ठ्यावर ओली रेघ उमटते. डोळ्यांवर चष्मा ठेवा.

उगम शोधणं

आधी धुवा. डिझेल आणि ब्रशने पुढचा आस, सिलिंडर, सगळे होज, पंपाची बाजू आणि स्टिअरिंगचा खांब खालपासून वरपर्यंत साफ करा, मग साबणाच्या पाण्याने डिझेल काढा. अल्टरनेटर आणि स्टार्टरवर पाणी जाऊ देऊ नका. सगळं पूर्ण वाळू द्या. वर्षानुवर्षांचा तेल-मातीचा थर तसाच ठेवून शोधणाऱ्याला सगळंच ओलं दिसतं. धुण्याला तास गेला तरी तो वाया गेला असं समजू नका.

वाळलं की संशयाच्या जागांवर खडूची पूड किंवा अंगाला लावायची पावडर हलकी भुरभुरा. एका माणसाला सीटवर बसवा, इंजिन मंद चालू ठेवा आणि त्याला स्टिअरिंगचं चाक हळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायला सांगा, प्रत्येक टोकाला दोन-तीन सेकंद. तुम्ही बाजूला उभे राहून टॉर्च मारा. चाकांच्या आणि आसाच्या मध्ये शिरू नका, वळणारं चाक माणसाला चिमटीत धरतं. माझ्याबरोबर पुतण्या असतो. हातांच्या खुणा आम्ही आधी ठरवून घेतो, कारण इंजिनच्या आवाजात "काका, थांबू का?" ऐकू येत नाही.

पावडर जिथे पहिल्यांदा गडद होईल ती जागा तुमची. तेल होजच्या अंगावरून घरंगळत सर्वांत खालच्या वळणाला येऊन ठिबकतं, त्यामुळे थेंब पडतो एकीकडे आणि उगम असतो हातभर वर. शिवाय पंख्याची हवा तेल मागे ढकलते. म्हणून ओल्या भागातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा बघायची. सिलिंडरच्या रॉडचा निवाडा सोपा आहे. रॉड पुसून कोरडा करा आणि चाक चार-पाच वेळा फिरवा. रॉडवर बोटाला जेमतेम लागेल असा तेलाचा पातळ हात राहिला तर ते ठीक आहे, तेवढी ओल सीलला हवीच असते. ज्या झाकणातून रॉड बाहेर येतो त्या ग्लँडच्या तोंडाशी तेलाचं कडं जमलं आणि त्यातून थेंब सुटला, तर सील गेलं.

बाहेर कुठेच ओल नाही आणि टाकीतलं तेल तरी कमी होतंय, असं झालं तर इंजिनची डिपस्टिक काढा. टायमिंग गिअरवरच्या पंपाच्या शाफ्टचं सील गेलं की स्टिअरिंगचं तेल थेट इंजिनच्या चेंबरमध्ये उतरतं. एका शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर मी हे पाहिलं आहे. तो आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर तेल टाकायचा, जमिनीवर एक डाग नाही. डिपस्टिकवर इंजिन तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर गेलं होतं. असं दिसलं तर इंजिन चालवू नका. पंपाचं सील बदला आणि इंजिन तेलही पूर्ण बदला.

दुसरी फसवी जागा म्हणजे टाकी ते पंप हा ओढीचा पाईप. इंजिन चालू असताना इथे दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे क्लिप ढिली असली तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. टाकीचं झाकण उघडल्यावर तेल दुधासारखं फेसाळलेलं दिसलं, पंप कण्हल्यासारखा आवाज करत असला, तर आधी ही क्लिप आणि हा पाईप बघा. ट्रॅक्टर उभा राहिला की याच सांध्यातून रात्री थेंब पडतात आणि माणूस सकाळी सिलिंडर उघडायला बसतो.

किती गळतंय याचाही अंदाज घ्या. दहा सेकंदांना एक थेंब किरकोळ वाटतो. दहा तासांच्या कामात त्याचे 3,600 थेंब होतात, म्हणजे साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिलीटर. जुन्या ट्रॅक्टरच्या स्वतंत्र स्टिअरिंग टाकीत मुळात एक-दोन लिटरच तेल मावतं.

सिलिंडर उतरवणं आणि उघडणं

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. पुढचा आस मधोमध जॅकने उचला आणि भक्कम लाकडी ठोकळ्यांवर किंवा स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर काम करू नका, आणि विटांवर तर मुळीच नाही, वीट सांगून फुटत नाही. इंजिन बंद करून चाक चार-पाच वेळा दोन्हीकडे फिरवा म्हणजे पाईपात अडकलेला दाब उतरतो.

होज सोडण्याआधी रंगाने खुणा करा. एका होजवर आणि त्याच्या तोंडावर एक पट्टा, दुसऱ्यावर दोन. हे उलटसुलट झालं तर चाक डावीकडे वळवल्यावर ट्रॅक्टर उजवीकडे जाईल. नट सोडताना त्यावर फडकं ठेवा आणि अर्धा आटा सोडून क्षणभर थांबा. उघड्या तोंडांना लगेच स्वच्छ बुचं लावा, नसतील तर जाड पिशवीचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधा. कापसाचा बोळा घालू नका. त्याचा एक तंतू व्हॉल्व्हमध्ये गेला तर नवीन दुखणं सुरू.

बॉल जॉइंटची कॉटर पिन काढा, नट सैल करून दोन-तीन आट्यांवर तसाच राहू द्या. मग जॉइंटचा बोल्ट ज्या भोकात बसतो त्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूला जोरात ठोका, बोल्टचा निमुळता टेपर सुटतो. नट पूर्ण काढून बोल्टच्या टोकावर ठोकलं की आटे बसतात आणि जॉइंट नवा आणावा लागतो.

सिलिंडर खाली आला की तसराळ्यावर धरून रॉड हाताने आत-बाहेर करा आणि तेल काढून टाका. तोंडं स्वतःच्या चेहऱ्याकडे ठेवू नका. रॉड काढायला कॉम्प्रेसरची हवा मारणारे लोक मी पाहिले आहेत. हवेने सुटलेला रॉड समोरच्याच्या बरगड्या मोडू शकतो. हाताने ओढा. येत नसेल तर आतलं काहीतरी अजून अडकलेलं आहे.

सिलिंडर वाइसमध्ये धरायचा तो मागच्या डोळ्याला. नळीला आवळलं तर ती किंचित लंबगोल होते आणि मग कोणतंच पिस्टन सील धरत नाही. ग्लँड तीन तऱ्हांनी बसवलेला असतो: आट्यांनी, सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या कड्याने) किंवा खाचेत सरकवलेल्या तारेच्या कड्याने. आट्यांच्या ग्लँडला दोन भोकं किंवा खाचा असतात, त्यासाठी पिनवाला पाना लागतो. पाना नसला तर एखाद्या लोखंडी पट्टीला दोन पिना वेल्ड करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. छिन्नी-हातोड्याने फिरवलेल्या ग्लँडच्या कडा आत दबतात आणि रॉडवर चरे पाडतात. नळीची दोन्ही टोकं वेल्डिंगने बंद केलेली असतील तर तो सिलिंडर उघडण्यासाठी बनवलेलाच नाही, तो अख्खा बदलायचा.

आता घाई सोडा. रॉड डिझेलने धुवा, पुसा, उजेडात फिरवा आणि नख ओढा. लांबीच्या दिशेने, मग गोल. नख अडकणार नाही असे बारीक चरे 800 नंबरच्या आणि मग 1200 नंबरच्या पॉलिश पेपरला तेल लावून काढता येतात. पेपर रॉडभोवती गुंडाळून गोल फिरवायचा. लांबीच्या दिशेने घासलं तर प्रत्येक रेघ तेलाला बाहेर यायला वाट करून देते. नख अडकलं, क्रोम उडालेलं दिसलं किंवा गंजाचे खड्डे दिसले तर पेपर घासत बसू नका. रॉडला पुन्हा क्रोम करून, ग्राइंड करून घ्या किंवा नवा रॉड टाका. माझ्या त्या खड्ड्यावर मी पहिल्यांदा पेपरच मारला होता. कड बोथट झाली, गळती आठवडाभर थांबली आणि परत आली.

रॉड वाकलाय का ते बघायला तो जाड काचेवर किंवा सपाट टेबलावर हळू लोळवा. खालची फट कमी-जास्त होत असेल तर रॉड वाकलेला आहे. पुढचं चाक दगडावर किंवा बांधावर जोरात आदळलं की हे होतं. मग ग्लँड रॉडवर चढवून हलवून बघा. खडखड जाणवली तर रॉडला आधार देणारं आतलं बुश झिजलंय. रॉड सीलच्या एका बाजूला रेलतो, ती बाजू दबते आणि समोरची उघडी पडते. बुश न बदलता टाकलेलं सील लवकर जातं. नळीत टॉर्च मारून भिंत बघा. आरशासारखी हवी. उभे चरे असतील तर पिस्टनचं सील आतल्या आत तेल सोडत असणार.

एक कारण लोक विसरतात ते म्हणजे धूळ अडवणारा बाहेरचा वायपर. तो कडक होऊन तडकला की माती रॉडबरोबर आत जाते. वायपर हा गळतीचा भाग दिसत नाही म्हणून जुनाच ठेवतात. सील बदलाल तेव्हा वायपर बदलाच.

सीलचं माप जुन्या सीलवरून घेऊ नका. ते फुगलेलं तरी असतं किंवा झिजलेलं तरी. व्हर्नियरने रॉडचा व्यास, ग्लँडमधल्या खाचेचा व्यास आणि खाचेची उंची मोजा, दोनदा मोजा, लिहून न्या. खनिज तेलासाठी नायट्राइल रबराच्या ओ-रिंग (गोल रबरी कडी) चालतात. रंग बघून सिलिकॉनची ओ-रिंग घेऊ नका, दाबाखाली हलणाऱ्या जागी ती टिकत नाही.

बसवताना दिशा हेच सगळं. यू आकाराच्या सीलचं उघडं तोंड तेलाकडे, म्हणजे सिलिंडरच्या आत. दाब आला की ते दोन ओठ फाकतात आणि रॉडला, खाचेला चिकटतात. उलटं बसवलं तर पहिल्याच वळणाला तेल बाहेर. वायपरचा ओठ मात्र बाहेरच्या बाजूला, मातीकडे. ओ-रिंगजवळ कडक पट्टीसारखी बॅकअप रिंग असेल तर ती दाबाच्या विरुद्ध बाजूला येते. पॉलियुरेथेनचं सील कडक असतं. ते हाताला सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, पुसा, घेवड्याच्या दाण्यासारखं आत दुमडा आणि खाचेत सोडा. स्क्रूड्रायव्हरने ढकलू नका. मी जुन्या टूथब्रशच्या दांड्याचं टोक गोल घासून ठेवलंय, त्यानेच बसवतो.

ग्लँड रॉडवर चढवताना आधी रॉडचे आटे गुळगुळीत चिकटपट्टीने झाका. आट्यांची धार सीलच्या ओठाला एकच चीर देते आणि ती बसवताना कळत नाही, सगळं जोडून तेल भरल्यावर कळते. सगळ्या भागांना तेच तेल लावा जे आत भरणार आहात. पिस्टनचा नट नायलॉनवाला असेल तर नवा घ्या आणि पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळा. पिस्टन नळीत घालताना सरळ धरा आणि हलकं गोल फिरवत न्या. पोर्टच्या भोकाची कड आतून धारदार असेल तर पॉलिश पेपरने ती आधीच मारून, कण धुऊन घ्या, नाहीतर पिस्टनचं सील तिथून जाताना सोलतं.

होज आणि सांधे

होजचं बाहेरचं रबर फुगलं, तडकलं, आतली तार दिसली किंवा टोकाच्या दाबलेल्या टोपीतून तेल पाझरलं, तर दुरुस्ती नाही. होज बदला. वर रबर गुंडाळून क्लिप आवळणं हे या दाबापुढे काहीच नाही. होजच्या अंगावर बहुधा तो कोणत्या तिमाहीत आणि वर्षात बनला ते छापलेलं असतं, नवा घेतानाही वाचा. लांबी जुन्याइतकी हवी. चाकं दोन्ही टोकांना वळवून बघा, होज ताणला जाऊ नये, पिळला जाऊ नये आणि आसाला घासू नये. घासणारा होज हेही एक "का"च आहे. त्याची पकड नीट बांधली नाही तर नवा होजही त्याच जागी फाटेल.

सांधा पाझरत असेल तर आधी सोडून तोंड बघा. कोनाच्या तोंडावर चरा असेल तर कितीही आवळा, तो धरणार नाही, जास्त आवळल्यावर चिरतो. दोन पाने वापरा, एकाने युनियन (सांध्याचा न फिरणारा भाग) धरा आणि दुसऱ्याने नट. पांढरी टेप लावू नका. हे सांधे आट्यांवर बंद होत नाहीत, कोनावर किंवा वॉशरवर होतात, आणि टेपचे तुकडे थेट युनिटमध्ये जातात. तांब्याचा वॉशर एकदा दबला की कडक होतो. नवा नसला तर जुना लालभडक तापवून पाण्यात टाका, मऊ पडतो. मग काळपट थर घासून काढा आणि लावा. आट्यांची जातही तपासा. पाव इंची बीएसपी (इंची मापाचे पाईपचे) नर आटे बाहेरून साधारण 13.2 मिलिमीटरचे, एम-14चे (मेट्रिक) 14 मिलिमीटरचे. डोळ्याला सारखेच वाटतात, एकमेकांत दोन-तीन फेरे जातातही, आणि दाबाखाली निसटतात.

स्टिअरिंगच्या खांबातून येणारं तेल

पायावर, पॅडलच्या वर थेंब पडत असतील तर युनिटच्या वरच्या शाफ्टचं सील गेलं आहे. सील बदलणं फार अवघड नाही, पण इथेही कारण विचारा. या सीलला मोठा दाब सोसायचाच नसतो, त्याच्याकडे फक्त परतीच्या तेलाचा दाब येतो. परतीची वाट तुंबली की तो दाब चढतो आणि सील बाहेर ढकललं जातं. आधी सांगितलेल्या त्याच शेजाऱ्याकडे पुढे हे सील दोनदा बदललं गेलं आणि दोन्हीदा गेलं. शेवटी आम्ही परतीचा होज उभा चिरला. बाहेरून तो अगदी चांगला, पण आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं आणि तेल जाताना तीच जीभ वाट बंद करत होती. होज बदलला, टाकीतली जाळी धुतली, तिसरं सील टाकलं. ते अजून टिकून आहे.

युनिट पूर्ण उघडायचा मोह मात्र आवरा. आतला तारा, म्हणजे ताऱ्यासारखं दातेरी चाक, 6 दातांचा आणि बाहेरचं कडं 7 दातांचं असतं, आणि मधल्या शाफ्टशी ताऱ्याचा ठरलेला मेळ असतो. खूण न करता काढून एका दाताने चुकीचं बसवलं तर इंजिन सुरू केल्याबरोबर स्टिअरिंग आपोआप गरागरा फिरू लागतं, हात मोडतो. ज्याने हे काम आधी केलंय त्याच्याकडेच द्या.

बाहेर गळती नाही, पण चाक टोकाला धरूनही स्टिअरिंग सावकाश पुढे फिरतच राहतं, तेव्हा दोष सिलिंडरचा की युनिटचा ते ओळखता येतं. रॉड पूर्ण बाहेर येईल असं चाक वळवा, इंजिन बंद करा, दाब उतरवा. रॉडच्या बाजूचा होज सोडून त्याच्या तोंडाला दाब सोसेल असं आट्यांचं बूच लावा. सिलिंडरच्या उघड्या तोंडाला नळी जोडून ती डब्यात सोडा. आता मंद इंजिनवर चाक त्याच टोकाकडे दाबून धरा, दुसरीकडे चुकूनही फिरवू नका. नळीतून तेल येत राहिलं तर पिस्टनचं सील गेलं. काहीच आलं नाही तर युनिट बघा.

तेल भरणं, हवा काढणं

पुस्तिकेत सांगितलेलंच तेल घ्या. जुन्या ट्रॅक्टरांमध्ये कुठे हायड्रॉलिक तेल, कुठे ट्रान्समिशनचं तेल चालतं, ते मनाने ठरवू नका. ब्रेक ऑइल कधीही नाही, त्याने नायट्राइलची सीलं फुगून मऊ पडतात. गळती बंद करणाऱ्या बाटल्यांवरही माझा विश्वास नाही. त्या सील फुगवून चार दिवस काढतात आणि चांगली सीलंही बिघडवतात.

आस उचललेलाच राहू द्या. टाकी भरा, इंजिन सुरू करण्याआधी चाक हाताने दोन-तीनदा इकडून तिकडे न्या, तेल खाली जाईल, पुन्हा भरा. मग मंद इंजिनवर दहा-पंधरा वेळा सावकाश टोकापासून टोकापर्यंत, टोकाला न थांबता. पातळी सारखी बघत राहा, टाकी रिकामी झाली की पंप हवा ओढतो आणि सगळं पहिल्यापासून. बुडबुडे येतील. इंजिन बंद करून अर्धा तास फेस बसू द्या, पुन्हा फिरवा. तेल स्वच्छ दिसलं आणि चाक हिसके न देता वळलं की ट्रॅक्टर खाली उतरवा.

काढलेलं तेल मातीत ओतू नका, डब्यात भरून ठेवा आणि जुनं तेल गोळा करणाऱ्याला द्या.

आता टाकीच्या खुणेशी पातळी नोंदवा, रॉड पुसा आणि जड जमिनीत तासभर काम करा. परत आल्यावर इंजिन बंद करून, दाब उतरवून प्रत्येक सांध्याखालून कोरडं पांढरं फडकं फिरवा. रात्री आसाखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून ठेवा, त्यावर सिलिंडर, पंप आणि खांब यांची जागा पेन्सिलीने लिहा. सकाळी एखादा ठिपका दिसलाच तर तो कुठून पडला ते पुठ्ठाच सांगेल. आमच्याकडे सकाळी तो पुठ्ठा उचलायचं काम आता पुतण्या करतो.